पुलेशुच्या पुढे

प्रश्न: वय ५२, नाशिक, बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जणांनी ऑनलाइन लेखनगट सुरू केला. दर आठवड्याला कोणीतरी लिहितं, बाकीचे वाचतात. छान मैत्री झाली आहे. पण काहीही लिहिलं तरी 'मस्त', 'छान', 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) एवढंच येतं, त्यामुळे आपण बरं लिहितो का तेच कळत नाही. मागच्या महिन्यात आईच्या शिवणाच्या मशीनवर लिहिलं. गटातल्याच जवळच्या मैत्रिणीनं 'शेवट ढिला पडलाय' म्हटलं आणि मला चार दिवस धड झोप लागली नाही. तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. नवरा विचारतो, यातून मिळतं काय? पुस्तक काढायचा माझा विचार नाही. मग हे चालू ठेवावं का? आणि मैत्री टिकवून खरं सांगायचं तरी कसं?

उत्तर:

यजमानांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे, म्हणून तो नंतर घेते. आधी झोपेचं बघू.

मी एकतीस वर्षं पुण्यात छापखान्यांची आणि प्रकाशकांची प्रुफं वाचली. सुरुवात केली तेव्हा खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, मग ऑफसेट आलं, शेवटी पडद्यावर वाचायची वेळ आली आणि डोळ्यांनी राजीनामा द्यायला लावला. त्यानंतर हौसेनं लिहिणाऱ्यांचा एक गट जमवला, त्याला यंदा चौदा वर्षं होतील. सध्या अकरा जण आहोत. सांगली, नागपूर, बडोदा, इंदूर, आणि एक बाई न्यू जर्सीत. रविवारी संध्याकाळी साडेसातला पडद्यावर भेटतो. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत नऊ. त्या पोह्यांची बशी घेऊन बसतात आणि आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात. हे सांगायचं कारण, खालचं सगळं या अकरा जणांवर आणि येऊन गेलेल्या आणखी तीसेक जणांवर शिकलेलं आहे. कुठल्या शिबिरात मिळालेलं नाही.

तर, 'ढिला'. तुमच्या मैत्रिणीचं बरोबर होतं की नाही हे लेख वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. पण तिनं वापरलेला शब्द तुमच्या काही कामाचा नव्हता. शेवट ढिला म्हणजे निकाल झाला. निकाल ऐकून माणूस खचतो किंवा भांडतो. दुरुस्ती करता येत नाही, कारण कुठला स्क्रू ढिला आहे ते कोणी सांगितलेलंच नसतं. आता हेही बघा की दोन वर्षं तुम्हाला मिळत आलेलं 'मस्त' हासुद्धा निकालच आहे. गोड असल्यामुळे तो टोचला नाही, इतकंच. सात-आठ जण दोन वर्षं फक्त 'पास' म्हणत राहिले आणि एकीनं एकदा 'नापास' म्हटलं, तर झोप उडणारच. त्यात तुमचा दुबळेपणा काही नाही. गटाची सवय चुकली आहे.

आमच्या छापखान्यात सुरुवातीला प्रूफ वाचायला दोघं बसायचे. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद सगळं उच्चारून. दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. माझ्यासमोर वाचायला एक वयस्कर गृहस्थ असायचे. मजकूर चांगला की वाईट याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. पण एखाद्या वाक्याशी त्यांचा आवाज अडायचा, ते मागे जाऊन पुन्हा वाचायचे. तिथं बहुतेक वेळा काहीतरी गडबड निघायची. शब्द गळलेला असायचा, कर्ता हरवलेला असायचा, नाहीतर आपल्याला काय म्हणायचंय ते लेखकालाच कळलेलं नसायचं. आणि क्वचित, महिन्यातून एखाद्या वेळी, ते वाचता वाचता थांबायचे, चष्मा काढून पुसायचे आणि पुढे वाचायला लागायचे. तिथं मी चूक शोधायला गेले तर सापडायची नाही. वाक्य चांगलं असायचं.

अडणं आणि थांबणं. गटात मी एवढीच शिदोरी घेऊन आले.

आमच्याकडे लिहिणाऱ्यानं स्वतःचा मजकूर स्वतः वाचायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी वाचायचा, तोही आधी न बघता. लेखक आपलं लिखाण वाचतो तेव्हा आवाजाच्या चढउतारांनी भोकं बुजवून टाकतो. परका वाचायला लागला की जिथं वाक्य लंगडं आहे तिथं तो ठेचकाळतो, आणि ते लेखकाला कोणी सांगावं लागत नाही, तो स्वतःच कागदावर खूण करतो. मग बाकीच्यांनी दोन गोष्टी सांगायच्या: मी कुठे थांबलो, मी कुठे अडलो. ओळ दाखवून सांगायचं. 'तिसऱ्या परिच्छेदात आजी दिवा लावते आणि लगेच रागावते, ते का रागावली ते मला कळलं नाही, मी दोनदा वाचलं.' एवढं पुरे. 'मी असतो तर असं केलं असतं' हे वाक्य आमच्याकडे वर्ज्य आहे, बोलणाऱ्याला पुढच्या रविवारी सगळ्यांआधी लिहावं लागतं. आणि लेखकानं मध्ये खुलासा करायचा नाही. हे फार जड जातं, मलाही जातं. 'अहो, ती रागावली कारण…' असं आपल्या ओठावर येतं ना, तेच लेखात लिहायचं राहिलेलं असतं.

शुद्धलेखन? ते बैठकीत काढायचंच नाही. ज्याला हवं त्यानं मला वेगळं पाठवावं, मी खुणा करून देते. याचं कारण जरा लाजिरवाणं आहे.

गटाला दुसरं वर्ष होतं. नागपूरच्या एक बाई नव्यानं आल्या होत्या, साठीच्या आतबाहेर. त्यांनी वडिलांच्या शेवटच्या दिवसांवर दीड पान लिहिलं. वडील खाटेवर पडलेले, मुलगी स्वयंपाकघरात, आणि ते सारखं आतून विचारतात, 'काय करून राहिली बेटा?' शेवटी मुलगी रात्रीच्या गाडीनं निघते तेव्हा विचारतात, 'जाऊन राहिली का?' बाईंनी मला लिहिलं होतं, जरा नजर घालाल का. मी नजर घातली. एकतीस वर्षांचा हात, तो थोडाच थांबतोय. 'काय करतेस बाळ?' केलं. 'निघालीस का?' केलं. ऱ्हस्वदीर्घाच्या बावीस चुका लाल केल्या आणि खाली लिहिलं, 'आशय उत्तम, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.'

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले, चौदा. १९७२ साली त्यात चार वाढले. ते अठरा नियम मला मनाच्या श्लोकांसारखे पाठ आहेत. नागपूरच्या बापानं मरताना पुण्याचं बोलावं असं त्यांत कुठेही लिहिलेलं नाही. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. बाईंनी 'धन्यवाद' एवढं कळवलं आणि पुढच्या रविवारपासून त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, कामात असतील. दोनेक महिन्यांनी एकदा रात्री भांडी आवरताना माझ्या डोक्यात ते 'जाऊन राहिली का' घुमायला लागलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. त्यांच्याकडे वडिलांचा आवाज तेवढाच उरला होता, आणि मी तो पुसून त्याजागी सदाशिव पेठेतला कोणीतरी आणून बसवला होता.

मी पत्र लिहिलं. माफी एका ओळीत मागितली, कारण लांब माफीत माफ करायचं ओझं समोरच्यावरच पडतं. बाकी पानभर मला त्या दीड पानातलं काय काय आठवतं तेवढंच लिहिलं. खाटेच्या पायाशी ठेवलेला पाण्याचा लोटा, रात्रीची गाडी, ते दोन प्रश्न. आठ महिने उत्तर नाही. मग एका रविवारी बैठकीनंतर त्यांचा एका ओळीचा निरोप आला: 'वाचून राहिली मी, काकू.' म्हणजे बाई इतके दिवस गटातच होत्या, रोमात. गटातलं सगळं वाचत होत्या आणि गप्प होत्या. आता त्या आमच्यातल्या सगळ्यांत कडक वाचक आहेत. माझ्या लिखाणात कुठे पुस्तकी वास आला की पहिला हात त्यांचा वर होतो.

(रोमात, पुलेशु हे शब्द तुम्हाला माहीत आहेत, पण घरात कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून: पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, पुभाप्र म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, रोमात असणं म्हणजे नुसतं वाचत राहणं, आणि जिलबी पाडणं म्हणजे उठसूट काहीतरी लिहून टाकणं. 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ १९९६ साली सुरू झालं. तेव्हापासून आंतरजालावर हौसेनं लिहिणाऱ्या मराठी माणसांनी आपली एक बोलीच घडवली आहे. मला ती फार आवडते. कोशात यायला हवी.)

पुलेशुवर माझा राग नाही, हेही सांगून टाकते. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला ती तीन अक्षरं पुरतात. अंगणात कोणी आलं तर 'या, बसा' म्हणतो तसं आहे ते. पण माणूस दोन वर्षं रोज येतोय आणि आपण दोन वर्षं 'या, बसा' एवढंच म्हणतोय, चहा नाही, विचारपूस नाही, तर त्याला कसं वाटेल? प्रोत्साहन म्हणजे स्तुती असं आपल्याकडे फार जण धरून चालतात. माझ्या अनुभवात, लिहिणाऱ्याला आपलं कौतुक झालं यापेक्षा आपण वाचले गेलो याची खूण हवी असते. 'मशीनच्या पायट्याचा तो आवाज मला दिवसभर ऐकू येत होता' असं कोणी म्हटलं की ते मोजून आठ-नऊ शब्द आठवडाभर पुरतात, आणि त्यात चांगलं-वाईट काही म्हटलेलंही नसतं.

आणि गट टीकेनं मोडल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. मुकेपणानं मोडलेले बरेच पाहिले. कोणी लिहितं, दोन दिवस काहीच येत नाही, मग कोणीतरी अंगठा दाखवतं. पुढच्या वेळी तो माणूस जरा कमी लिहितो. तिसऱ्या वेळी लिहीतच नाही, आणि त्याचं लिहिणं थांबल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा मोडण्याचा प्रकार म्हणजे देवाणघेवाण बिघडणं. काही जण आपलं टाकतात आणि दुसऱ्याचं वाचत नाहीत. आमच्याकडे साधा हिशोब आहे: दोघांचं वाचून बोलल्याशिवाय आपलं पुढचं द्यायचं नाही. संख्या बाराच्या वर जाऊ देत नाही. एका बैठकीत दोन लेख, प्रत्येकी आठशे शब्दांच्या आत. कादंबरीवाल्यांना हे जाचतं. बडोद्याच्या एका काकांची रहस्यकथा सातव्या भागावर 'क्रमशः' म्हणून तीन वर्षं अडकली आहे. खून झालाय, खुनी त्यांनाच माहीत नाही. दर वाढदिवसाला आम्ही दहा जण त्यांना एकेक पुभाप्र पाठवतो.

आता मैत्रीचं. तुम्ही विचारलंत, मैत्री टिकवून खरं कसं सांगायचं. यात एक जुनी गोष्ट आठवते.

जात्यावर दळायला दोघी बसायच्या, समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओवीची पहिली ओळ उचलायची, दुसरीनं पुढची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. भाऊ, माहेर, सासुरवास, विठ्ठल, सगळं त्यात आहे, आणि 'शेजी' आहे, शेजारची सखी. आता विचार करा, पहाटेच्या अंधारात समोर बसलेल्या बाईला ती ओवी छान जमली की नाही हे सांगायची गरज होती का? तिनं पुढची ओळ उचलली की झालं. ओळ लंगडी असली तर तिच्या हाताचा वेग चुकायचा, जातं जड व्हायचं, आणि ते दोघींनाही कळायचं. दाद आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी तिथे जात्यातच होत्या. माझ्या छापखान्यातल्या त्या वयस्कर गृहस्थांचं याहून वेगळं काय होतं?

म्हणून मैत्रिणीला सांगायचं असेल तर तिच्यासमोर बसून निकाल देऊ नका. तिच्याबरोबर खुंट्याला हात लावा. 'शेवटचा परिच्छेद आला तेव्हा मशीन कुठे गेलं ते मला कळेना' असं म्हटलं की दोघी त्या मशीनकडे बघू लागतात. 'शेवट ढिला' म्हटलं की एक दुसरीकडे बघते.

दुसरं उदाहरण पुण्याचं, माझ्या आवडीचं. १९२३ साली रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटावाले दिवाकर, अशी मंडळी. रविवारी चहाला बसायचं आणि एकमेकांना कविता ऐकवायच्या. त्यातून त्यांनी पुस्तकं काढली आणि गावोगाव कविता म्हणून दाखवल्या. कविता ऐकायला लोकांनी जमायचं, ही सवय महाराष्ट्राला लावण्यात त्यांचा मोठा वाटा. चहानं केलं म्हणा. पण मित्रांच्या गटाचा जो धोका असतो तो त्यांनाही होताच. आपले लाडके शब्द, आपली लकब, आपले उसासे एकमेकांना इतके गोड वाटू लागतात की बाहेरच्याला ते कसे ऐकू येतात याचा पत्ता राहत नाही. तो पत्ता अत्र्यांनी दिला. १९२५ साली 'झेंडूची फुले' आलं आणि त्या विडंबनांनी महाराष्ट्र हसला. मला दोन्ही हवं वाटतं, चहाही आणि झेंडूही. फक्त क्रम उलटा करू नये. ज्याला अजून कोणी चहा दिला नाही त्याच्या डोक्यावर झेंडू टाकायचा नसतो.

तुमच्या नऊ जणांचा कंपू होऊ नये यासाठी एक सोपा उपाय आहे. वर्षातून दोनदा बाहेरचं माणूस बोलवा. लेखक नको, वाचणारं कोणीही. आमच्याकडे एकदा सांगलीच्या सदस्याची भाची आली होती, अकरावीतली. तासभर ऐकून म्हणाली, 'तुमच्या सगळ्यांच्या गोष्टीत पाऊस का पडतो?' आम्ही गप्प. मोजलं तर त्याआधीच्या नऊपैकी सात लेखांत पाऊस होता. पुढचे सहा महिने आम्ही पावसावर बंदी घातली.

मात्र कधी कधी लेख हा लेख नसतो, हेही ओळखावं लागतं. एका सदस्यानं एकदा हॉस्पिटलच्या बाकावर बसल्याचं वर्णन पाठवलं, रात्री दीड वाजता. वाक्यं तुटलेली होती. त्यावर कुठे थांबलो आणि कुठे अडलो ते कोणी बोललं नाही, इंदूरच्या ताईंनी सरळ फोन लावला. बायको खरंच आत होती. अशा वेळी आपण वाचक नसतो. तो लेख नंतर त्यांनी स्वतःच काढून टाकला आणि आम्हीही कधी विषय काढला नाही.

'यातून मिळतं काय?' हा प्रश्न आमच्याही घरी झाला आहे. माझे यजमान दर रविवारी सकाळी सात मित्रांबरोबर पर्वती चढायचे, वीसेक वर्षं. पर्वतीवरून ते कधी काही घेऊन आल्याचं मला आठवत नाही. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं, त्यानंतर प्रश्न आला नाही. तुमच्या यजमानांची पर्वती कोणती ती तुम्हाला माहीत असेल.

पण गमतीपलीकडे, तुम्ही 'पुस्तक काढायचा विचार नाही' हे जरा ओशाळून लिहिलं आहे असं मला वाटलं. ओशाळू नका. मी आयुष्यभर पुस्तकं तयार होताना जवळून पाहिली. पदरचे पैसे घालून काढलेली कितीतरी माझ्या हाताखालून गेली, प्रकाशन समारंभाला शालश्रीफळ झालं आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली गेले. काहींना त्यात खरंच आनंद मिळाला, ते ठीकच. पण काही जण त्या गठ्ठ्यांकडे बघून लिहायचेच थांबले. आणि दिवाळी अंकाला जरूर पाठवून बघा. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही हौस आहे आणि तिथं नव्यांना जागा असते. मात्र उत्तर येईलच असं धरू नका, आणि न आलेल्या उत्तराला मत समजू नका.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळे देतात. मी ते वेगळ्या कारणासाठी देते. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, चुलीशी, जात्यावर काम करता करता त्या गाणी म्हणायच्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकात आली, अत्र्यांच्या पुढाकारानं. लोक या गोष्टीतलं पुस्तक बघतात. मी त्याआधीची वर्षं बघते. त्या वर्षांत गाणं कामाच्या सोबतीला होतं, आणि घरातलं कोणीतरी, मुलगा सोपानदेव, ते कान देऊन ऐकत होतं आणि टिपून ठेवत होतं. ऐकणारं माणूस नसतं तर त्या गायल्या असत्याच, पण आपल्यापर्यंत काही आलं नसतं. तुमच्या गटात तुम्ही एकमेकांचे सोपानदेव आहात. दर महिन्याला ज्याचं त्याचं चांगलं वाक्य एका वहीत उतरवून ठेवायचं काम कोणाला तरी द्या. आमची वही सहावी चालू आहे, हस्तलिखित, कारण शाळेतल्या हस्तलिखित मासिकाची सवय आमच्या पिढीला जात नाही.

एक सावधगिरी. गटातलं कोणाचंही लिखाण त्याला विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका, अगदी कौतुकानंसुद्धा. मोबाइलवर ते चार हात फिरलं की नाव गळतं. आमच्या न्यू जर्सीच्या बाईंचा पुरणपोळीवरचा लेख त्यांच्याच जाऊबाईंनी त्यांना पाठवला होता, वर 'वाच, किती सुंदर लिहिलंय कोणीतरी'.

आता तुम्ही महिनाभर लिहिलं नाही त्याचं. पुन्हा सुरुवात करायला मोठं काही घेऊ नका. शशक लिहा, शतशब्दकथा, बरोबर शंभर शब्द, नव्व्याण्णवही नाहीत आणि एकशे एकही नाहीत. शब्द मोजण्यात मन इतकं गुंततं की आपण चांगलं लिहितो की वाईट हा विचार करायला जागा राहत नाही. नाहीतर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पुढे न्या, प्रत्येकानं पाच वाक्यं. ती गोष्ट हमखास फसते आणि फार हसू येतं. आमच्या शेवटच्या साखळीकथेत बडोद्याच्या काकांनी पाचव्या वाक्यात खून घातला, हे सांगायला नकोच. आणखी एक चालणारा विषय म्हणजे घरातला एक आवाज. इंदूरच्या ताईंनी वाड्याच्या कडीवर लिहिलं, सांगलीच्या एकांनी पुरात भिंतीवर आपटणाऱ्या रिकाम्या पिंपावर. जिलब्या पडतील. पडू द्यात. घाणा घेतला की पहिल्या दोन-तीन वाकड्याच येतात.

लिहायचं नसेल तर महिना-दोन महिने रोमात राहा, पण तसं सांगून राहा. 'सध्या वाचतेय' एवढं लिहिलं की तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. कारण तिलाही तेवढे दिवस झोप नसणार. दोन वर्षांत एकदा हिंमत करून खरं बोलली आणि मैत्रीण गप्प झाली, यावरून ती काय धडा घेईल? पुन्हा 'मस्त'वर जाईल. तिला फोन करा. लेखाचा विषय तुम्हीच काढा आणि विचारा, तू वाचताना कुठल्या ओळीला अडलीस? ती आठवून सांगेल. नसेल सांगता येत, तर लेख तिलाच मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही पेन्सिल घेऊन ऐका.

मला एक अंदाज आहे. असे लेख मी बरेच वाचले आहेत, आणि आई, वस्तू, आठवण या वाटेनं गेलेला लेख शेवटी बहुतेक वेळा आईच्या त्यागावर येऊन थांबतो. वस्तू तोवर कुठेतरी मागे राहून जाते. तुमचं तसं झालं असेल असं नाही. पण तुम्ही एवढा मोठा प्रश्न लिहिलात, गटाचं सांगितलंत, झोपेचं सांगितलंत, नवऱ्याचंही सांगितलंत, आणि मी मात्र पहिल्यांदा वाचताना दुसऱ्याच ठिकाणी थांबले. ते मशीन आता कोणाकडे आहे?